टूरिंग बाईकची ऑडिओ सिस्टीम बदलताना: आधी वायर, मग स्पीकर

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. गोव्याहून चोर्ला घाट चढून येत होतो. घाटातच गाणी मध्ये मध्ये तुटायला लागली आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला मीटरचा दिवा मंद व्हायला लागला. कणकुंबीत चहाला थांबलो तर टपरीवाले काका जवळ आले आणि म्हणाले, “गाडीतनं वास यायलाय बघा.” टाकीखाली हात घातला. बॅटरीवरून अ‍ॅम्प्लिफायरला गेलेली तांबडी वायर चटका बसेल इतकी तापली होती. जरा ओढली तसा जॉइंट बाहेर आला. दोन वायरी नुसत्या पिळलेल्या, वर काळी टेप, टेपचा चिकटा वितळून बोटाला लागणारा, आणि आत तांब्याच्या जागी हिरवा चुरा. जॉइंटच्या पुढे वायर फ्रेमच्या कडेवर घासून चपटी झाली होती. लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये जेमतेम कागदाएवढं प्लास्टिक उरलं होतं, आणि त्याच्या वर पेट्रोलची टाकी. लाईनमध्ये फ्यूज नव्हताच.

गाडी सेकंडहँड घेतलेली होती, स्पीकर आधीच्या मालकाने बसवून घेतले होते. चूक माझीही होती. गाडी घेताना मी स्पीकर वाजवून पाहिले, सीट उचलून वायरिंग पाहिलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग हे माझं रोजचं काम. पुढच्या रविवारी सगळं काढून पुन्हा नव्याने केलं. त्यानंतर मित्रांच्याही गाड्या केल्या, खानापूरच्या, निपाणीच्या. प्रत्येक गाडीत एकच गोष्ट दिसली: पैसा स्पीकरवर गेलेला आणि वायर सगळ्यात स्वस्तातली. म्हणून हे काम कुठून सुरू करायचं आणि कुठल्या क्रमाने न्यायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी करंटचा हिशेब

दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर घ्या आणि गाडीची चार्जिंग तपासा. इंजिन गरम होऊ द्या, हेडलाइट, फॉग लॅम्प, मोबाईलचा चार्जर, जे जे तुम्ही चालवताना लावता ते सगळं चालू करा आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज बघा. इंजिन थोडं फिरवल्यावर, म्हणजे ३००० आरपीएमच्या आसपास, १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आयडलिंगला आकडा १२.८ च्या खाली गेला तर गाडी बॅटरीतूनच खाते आहे. तिथे अ‍ॅम्प्लिफायर जोडणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर आणखी एक मोटर बसवणं. अशा वेळी आधी जास्तीचे फॉग लॅम्प एलईडी करा, बॅटरी जुनी असेल तर बदला, मग ऑडिओचा विचार करा.

आता अ‍ॅम्प्लिफायर किती खातो ते बघू. समजा दोन चॅनेल, प्रत्येकी ७५ वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद. एकूण १५० वॉट. डब्यावर छापलेला ‘१००० वॉट’ वगैरे आकडा विसरून जा, आरएमएस हा शब्द ज्याच्यापुढे आहे तोच आकडा धरा. क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम असतो, म्हणजे १५० वॉट बाहेर द्यायला तो १९० च्या आसपास आत घेतो. १३.५ व्होल्टला ते होतात साधारण १४ अँपियर. जुन्या क्लास एबी प्रकाराला तेवढ्याच आवाजासाठी २० लागतील, आणि वरचा फरक नुसती उष्णता होऊन फेअरिंगच्या (गाडीच्या पुढच्या प्लास्टिक कवचाच्या) आत कोंडेल. बाईकवर क्लास डी सोडून दुसरं काही लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. १४ अँपियर हा पूर्ण जोरावरचा आकडा आहे. गाणं सतत पूर्ण जोरावर नसतं, त्यामुळे सरासरी याच्या एक तृतीयांश किंवा त्याहून कमी असते. पण वायर आणि फ्यूज मोठ्या आकड्याला धरूनच निवडायचे.

वायर

या भागात घाई करू नका, सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

तांब्याच्या १ एमएम (म्हणजे १ चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरला एका मीटरमागे सुमारे १८ मिलिओहम रोध असतो. बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत दीड मीटर जायचं आणि दीड मीटर परत यायचं, म्हणजे तीन मीटर. दीड एमएमच्या वायरने हे काम केलं तर १४ अँपियरला वाटेतच अर्धा व्होल्ट जातो. चार एमएमची घेतली तर ०.२ च्या आतच राहतो. अर्धा व्होल्ट ऐकायला कमी वाटतो, पण ढोल-ताशाच्या ठोक्याला आवाज फाटायला याचाही हातभार लागतो, आणि ती गेलेली ऊर्जा वायरीतच तापून निघते. म्हणून मुख्य लाईनला चार एमएम, आणि अर्थिंगला पण चारच. बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह जाड आणि निगेटिव्ह बारीक दिसते. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो.

वायर घेताना तिचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरं दिसलं तर ते अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. तिचा रोध दीडपट असतो, आणि बाईकच्या कंपनात आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती लवकर तुटते, गंजते. खडेबाजारात विचारताना ‘शुद्ध तांब्याची, बारीक तारांची’ असं सांगा. घरातल्या फिटिंगची जाड तारांची वायर इथे चालत नाही, ती वाकून वाकून मोडते.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला वाचवण्यासाठी असतो असं अनेकांना वाटतं. तो वायरीला वाचवतो. फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कुठे घासला तर त्याला कुणी वाली नाही, म्हणून तो तुकडा छोटा ठेवायचा. वरच्या हिशेबाला चार एमएमच्या वायरीवर २० अँपियरचा फ्यूज बरोबर बसतो. फ्यूज वारंवार उडाला तर कारण शोधा. ३० चा टाकून पुढे जाऊ नका.

जॉइंटबद्दल. माझ्या पॅनेलच्या कामात डाग देणं (सोल्डरिंग) नेहमीचं, पण बाईकवर मी पॉवरच्या वायरीला डाग देत नाही. डागाचं कथिल तारांमध्ये आत शिरतं, जिथे संपतं तिथे वायर एकदम कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. वायरीच्या टोकाला लग (तांब्याचं टर्मिनल) घाला, चांगल्या क्रिंपिंग टूलने पंच करा, पक्कडीने दाबू नका. मग जोरात ओढून बघा. हातात आला तर चांगलंच झालं, घाटात येणार होता तो इथे आला. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह चढवा, गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक कडा दिसला पाहिजे. तो कडा म्हणजे आत पाणी जाणार नाही याची खूण.

गाडी उघडणं

बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना फ्रेमला टेकला तर ठिणगी उडते. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

प्रत्येक पॅनेल काढण्याआधी फोटो काढा. स्क्रू पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवा. फेअरिंगच्या क्लिपा थंडीत मोडतात, डिसेंबरच्या सकाळी काम करणार असाल तर गाडी आधी तासभर उन्हात लावा.

गाडीचं मूळ हार्नेस (कंपनीने बांधून दिलेला वायरींचा जुडगा) कापू नका. बीएस ६ गाड्यांत एका वायरीवर किती सेन्सर अवलंबून आहेत ते बाहेरून कळत नाही, आणि हेडलाइटच्या वायरीला टोचून करंट घेतला की मीटरवर फॉल्टचा दिवा लागायची शक्यता असते. वॉरंटीतल्या गाडीचं तर कापलेलं हार्नेस पाहून इलेक्ट्रिकल क्लेम नाकारला जाऊ शकतो. आपली पॉवर लाईन थेट बॅटरीवरून वेगळी न्या. चावी चालू केल्यावरच सिस्टीम चालू व्हावी म्हणून चार पिनांचा रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) लावा. ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला हेड युनिट (गाणी वाजवणारा मुख्य डबा), ८५ ला अर्थिंग, आणि ८६ ला चावीचा करंट. हा चावीचा करंट अ‍ॅक्सेसरी कपलरमधून घ्या. रिलेची कॉइल फारच थोडा करंट खाते, त्यामुळे मूळ वायरिंगवर ताण येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरची जाड लाईन रिलेतून न्यायची गरज नाही. त्याला एक रिमोटची बारीक वायर असते, हेड युनिटच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला ती जोडली की झालं. नुसता ब्लूटूथ रिसीव्हर असेल तर ती ८७ वर जोडा.

अर्थिंग रंगवलेल्या फ्रेमवर कुठेतरी स्क्रू पिळून घेऊ नका. हेड युनिट आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांचं अर्थिंग एकाच ठिकाणी, बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा. इंजिन रेज केलं की स्पीकरमधून शिट्टी चढत जाते, ती दहातल्या आठ वेळा दोन वेगवेगळ्या अर्थिंगमुळे येते. उरलेल्या दोन वेळा सिग्नलची केबल पॉवरच्या वायरीला चिकटून नेलेली असते. सिग्नल गाडीच्या एका बाजूने न्या, पॉवर दुसऱ्या. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात.

आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची फेरूल (छोटी रिंग) घाला. आमच्याकडे पॅनेलमध्ये याशिवाय काम पास होत नाही. तीन वर्षांनी रस्त्याच्या कडेला टॉर्चच्या उजेडात फॉल्ट शोधताना ४ नंबर म्हणजे कुठली वायर हे लगेच कळतं.

हँडलची मान

वायर सगळ्यात जास्त तुटते ती स्टिअरिंगच्या मानेपाशी. हार्ले डेव्हिडसनच्या स्ट्रीट ग्लाइडवर फेअरिंग हँडलबरोबर वळतं, रोड ग्लाइडवर ते फ्रेमला पक्कं असतं. तुमच्या गाडीचं कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा. वळणारं असेल तर मानेतून जाणारी प्रत्येक वायर दिवसातून शेकडो वेळा वाकते. तिथे झोळ ठेवा, हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवून बघा, फोर्क दाबून बघा, कुठेही वायर ताणली किंवा चिमटली जाता कामा नये. टाय घट्ट आवळू नका. क्लच-ब्रेकच्या केबलीला तर वायर बांधूच नका. वळणाऱ्या फेअरिंगवर जड अ‍ॅम्प्लिफायर आणि जड चुंबकाचे स्पीकर ठेवले तर हँडल जड होतं, हेही लक्षात असू द्या. निओडिमियम चुंबकाचे स्पीकर थोडे महाग पडतात, पण हलके आणि उथळ असतात.

स्पीकर

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठराविक वॉटवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो तो आकडा. म्हणजे ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर ५० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८७ वाल्याला १०० वॉट लागतात. बाईकवर करंट मोजून-मापून असतो, तिथे सेन्सिटिव्हिटी हाच पहिला निकष. दुसरा निकष पाऊस. कागदी कोन जुलैच्या एका आंबोली फेरीत मऊ पडतो. पॉलिप्रॉपिलीन कोन आणि रबरी कडा असलेला, बोटींसाठी बनवलेला किंवा निदान आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा अडवणाऱ्या) दर्जाचा स्पीकर घ्या.

बासची अपेक्षा मर्यादित ठेवा. फेअरिंगच्या पोकळीत बास तयार होत नाही, आणि ताशी ८० च्या पुढे वाऱ्याचा आवाज हेल्मेटमध्ये सगळं खालचं गिळून टाकतो. तिथे ऐकू येतो तो गायकाचा गळा आणि वरचे सूर. स्पीकरचं तोंड कानाच्या दिशेने असलं आणि विंडशिल्ड थोडं उंच असलं तर कमी वॉटमध्ये जास्त कळतं. मी एका मित्राच्या गाडीवर स्पीकर न बदलता फक्त त्यांचा कोन बदलून दिला. त्याला वाटलं नवे घातले.

ओहम जुळवा. ४ ओहमचे दोन स्पीकर एका चॅनेलवर समांतर जोडले की २ ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायरवर २ ओहम चालतं असं लिहिलं असेल तरच असं करा. कंपनीकडूनच ऑडिओ आलेल्या मोठ्या गाड्यांत काही ठिकाणी मूळचेच स्पीकर २ ओहमचे असतात, म्हणून आधी मीटरने मोजा. मीटर थोडं कमी दाखवतं, ४ ओहमचा स्पीकर ३.२-३.६ दिसतो. आणि हेड युनिटच्या स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी फ्रेमला कधीही जोडू नका. तिथे दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, अर्थ केलात की आउटपुट जळतं.

प्लस-मायनस तपासायला दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल पुरतो. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला की खूण बरोबर. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोघे एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ येतो. हे नंतर शोधायला सगळं परत उघडावं लागतं, आधी दोन मिनिटं घालवा.

स्पीकरच्या कडेखाली फोमची गॅस्केट घाला. ब्रॅकेट बनवून घ्यायचं असेल तर उद्यमबागेत पत्रा लेझरने कापून वाकवून मिळतो, मापाचा पुठ्ठा कापून घेऊन जा.

पाणी आणि धूळ

आपल्याकडे वर्षातले चार महिने पाऊस आणि बाकीचे दिवस तांबडी धूळ. जांबोटीच्या पुढे ही धूळ इतकी बारीक असते की कपलरच्या आत जाऊन बसते, आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. प्रत्येक कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. कपलरचं तोंड खाली राहू द्या. वायर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आलं तरी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळून पडतं. अ‍ॅम्प्लिफायर पिशवीत गुंडाळू नका, आत वाफ धरते आणि उष्णताही कोंडते. त्याला रबरी बुशांवर बसवा आणि चारही बाजूंना बोटभर हवा ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना

मुख्य फ्यूज बसवू नका. त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर पेटून विझतो, ते ठीक आहे. पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमचं नुकसान काही झालेलं नाही. शांतपणे शोधा. विझला की फ्यूज घाला.

मग गेन. हा ‘आवाज वाढवायचा’ स्क्रू नाही, हेड युनिटच्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवायचा आहे. स्पीकर सोडून ठेवा, इक्वलायझर सपाट करा. फोनवर ४०० हर्ट्‌झचा सूर लावा, आवाज पाऊणपट्टीवर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, स्पीकरच्या आउटपुट टर्मिनलांवर. ७५ वॉट आणि ४ ओहमचा गुणाकार ३००, त्याचं वर्गमूळ १७.३, म्हणजे पूर्ण जोरावरचे व्होल्ट. गेन हळूहळू वाढवून मीटरवर १६ आले की थांबा. वरचा थोडा भाग मोकळा राहू द्या. हाय पास फिल्टर ८० ते १०० हर्ट्‌झवर लावा, छोट्या कोनाला खालच्या सुरांचं ओझं देऊ नका. स्पीकर बरेचदा फाटलेल्या सिग्नलने मरतात.

सगळं बंद करून पॅनेल लावण्याआधी एक फेरी मारा. मी खानापूर रस्त्याने निघून जांबोटीपर्यंत जातो, त्या खड्ड्यांत जे सुटायचं ते सुटतं. परत आल्यावर प्रत्येक लगला हात लावून बघा, एखादा जरी कोमट लागला तर तो पंच पुन्हा मारा. नंतर साध्या पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा. प्रेशर वॉशर स्पीकरवर कधीच नको.

आवाज कुठे किती ठेवायचा यावर माझा आग्रह आहे. आपण एका दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा फिरून येतो, पण ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम केंद्राचे आहेत, तिन्हीकडे तेच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा परिसर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून घोषित करायची तरतूद. गावात शिरताना मी आवाज पूर्ण बंद करतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर मोठ्याने डेक लागलेला असतो, त्याला मागची गाडी ऐकू येत नाही. तिथे निदान आपल्याला तरी ऐकू यायला हवं.

शेवटचं काम रात्री करा. चावी बंद, बॅटरीचं निगेटिव्ह सोडून त्यात मल्टिमीटर मिलिअँपियरवर मालिकेत जोडा. हे चालू असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जातो. नव्या गाड्यांचे कंट्रोलर झोपायला थोडा वेळ घेतात, पाच-दहा मिनिटं थांबून आकडा वाचा. ५० मिलिअँपियर दिसले तर दिवसाला १.२ एएच (अँपियर-तास) चालले आहेत, आणि ९ एएचची बॅटरी आठवड्याभरात रिकामी. एक एक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल ती लाईन धरा. बहुतेक वेळा रिमोटची वायर चुकून कायम चालू करंटवर जोडलेली सापडते. ती ८७ वर आणा, आकडा पुन्हा वाचा, वहीत तारीख टाकून लिहून ठेवा, आणि मगच सीट बसवा.